‘पाताल लोक’ तिसऱ्या भागात बंद केलीत, त्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याच्या आग्रहाखातर ‘पाताल लोक’ ही गुन्हेकथेची मालिका लावली, तिसऱ्या भागात हातोड्याने केलेले खून आले आणि तुम्ही रिमोट उचलला. तेव्हापासून घरात तट पडलेत. नवरा म्हणतो, तिथे थांबलीस म्हणजे काहीच बघितलं नाहीस. दहावीतल्या मुलालाही बघायची आहे. आणि तुम्हाला हवंय एवढंच की पोलीस खरंच असे वागतात का, आणि इतकं रक्त सोसून शेवटी हाती काय लागतं, हे कुणीतरी सरळ सांगावं.

मी २२ वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. कॅमेरा, संकलन यातलं मला विशेष कळत नाही. पण कोठडी, पंचनामा, चार्जशीट यांत आयुष्य गेलंय, आणि ही मालिका मी दोनदा बघितली आहे. पहिल्यांदा २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत कोर्टं जवळपास बंद असताना. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, दुसरा सीझन आला म्हणून. दोन्ही वेळा मत सारखंच झालं: बघावी. पण माझं ‘बघावी’ तुमच्या यजमानांच्या ‘बघावी’सारखं नाही.

मला वाटतं, मालिका चांगली की वाईट हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. चांगली आहे हे तुम्हालाही दिसलंय, नाहीतर पहिल्याच भागात उठला असता. अंधार कुठे कामाचा आहे आणि कुठे नुसता दाखवायचा म्हणून दाखवलाय, हे तुम्हाला कळायला हवंय. ते ज्याच्या त्याच्या सोसण्यावरही आहे. माझ्या एका कनिष्ठ वकील मुलीला शवविच्छेदनाचा अहवाल जेवता जेवता वाचता येतो, पण पडद्यावर कुत्र्याला लाथ मारलेली चालत नाही. तेव्हा रक्ताचं माप मी तुमच्यासाठी काढू शकत नाही. बाकीचं सांगते.

ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दिल्लीत यमुनेच्या पुलावर चौघांना पकडतात. एका नामांकित टीव्ही पत्रकाराच्या खुनाचा कट केल्याचा त्यांच्यावर आरोप. प्रकरण येतं ‘आउटर जमुना पार’ नावाच्या कल्पित ठाण्यातल्या हाथीराम चौधरी या इन्स्पेक्टरकडे. बढती रखडलेली, पोट सुटलेलं, पोरगा तोंड वर करून बोलणारा, असा माणूस. जयदीप अहलावतने तो असा उभा केलाय की मला आमच्याकडचे तीन-चार पीआय आठवले. चालताना पट्टा वर ओढायची सवयसुद्धा तीच! पुढे एकेका आरोपीच्या मागे जात कथा चित्रकूट, पंजाब अशी हिंडते. पहिला सीझन ९ भागांचा. लेखनाची मुख्य धुरा सुदीप शर्मांची, आणि दिग्दर्शन अविनाश अरुण व प्रोसित रॉय यांचं. ‘किल्ला’ हा मराठी चित्रपट करणारे तेच हे अविनाश अरुण. कोकणातला पाऊस ज्याने तसा टिपला, त्यानेच बुंदेलखंडातली ही धूळ आणि उन्हाने पांढरी पडलेली भिंत दाखवली, हे मला श्रेयनामावली वाचल्यावर कळलं. मग मागे जाऊन चित्रकूटचे भाग पुन्हा बघितले.

आता पोलिसांचं. मालिकेत आरोपींना मारहाण होते, आणि तुम्ही विचारलंत हे खरं का. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे. मग पोलीस कोठडी मागतात, आमच्या बोलीत पीसीआर. मालिकेतल्या काळी लागू असलेल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे ती मिळायची फार तर १५ दिवस, तीही पहिल्या १५ दिवसांतच. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली; दिवस तेवढेच राहिले, पण ते आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. कोर्टात साहेब आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ आरोपी म्हणतो, ‘नाही.’ त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर तपासी अंमलदार उभा असतो. हे दृश्य मी किती वेळा बघितलंय याची मोजदाद नाही. ‘पाताल लोक’मध्ये ते दाखवलेलं नाही, पण त्या ‘नाही’च्या मागे काय असू शकतं ते दाखवलंय.

मालिकांचा एक घोळ मात्र सांगायलाच हवा. मारून कबुली घेतली की केस सुटली, असं टीव्हीवर नेहमी असतं. प्रत्यक्षात पोलिसापुढे दिलेली कबुली पुराव्यात चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तसं सांगत होतं, नव्या कायद्यातही ते आहे. मोक्कासारख्या विशेष कायद्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यापुढच्या कबुलीला वेगळी वाट ठेवली आहे, पण तो अपवाद. मग मारतात कशासाठी? हत्यार, कपडे, मोबाइल काढून घेण्यासाठी. ‘मी लपवलेली जागा दाखवतो, सोबत चला’ असं आरोपी दोन पंचांसमोर बोलला आणि वस्तू निघाली, तर तेवढा भाग कलम २७ खाली चालायचा. आणि मारतात पुढचं नाव काढण्यासाठी. हाथीरामची मारझोड ही या दुसऱ्या जातीची आहे. तो पुराव्यामागे कमी आणि नावांमागे जास्त धावतो. लेखकांनी हे समजून केलं की नकळत झालं, सांगता येत नाही, पण जमलंय.

न जमलेलंही आहेच. तपास काढून घेऊन निलंबित केल्यावर हाथीराम एकटाच गावोगाव हिंडून माणसं गाठतो. निलंबित अधिकाऱ्याला जबाब नोंदवायचा अधिकार नाही, सोबत पंच नाहीत, स्टेशन डायरीत नोंद नाही. त्याने जमवलेल्यातलं जवळजवळ काहीही मी उलटतपासणीत पाच मिनिटांत उडवलं असतं. पहिल्यांदा बघताना मी सोफ्यावर बसून हेच बडबडत होते आणि माझा भाऊ ‘ताई, गप्प बस’ म्हणत होता. दुसऱ्यांदा लक्षात आलं की त्याला काही शाबीत करायचंच नाहीये. त्याला फक्त कळून घ्यायचंय. खटल्याला हे पुरत नाही, कथेला पुरतं. तेवढं मान्य करून बसलात तर चिडचिड होणार नाही.

तपास सीबीआयकडे जातो तो भाग काहींना घाईचा वाटला. मला नाही वाटला. सीबीआय चालते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर, आणि राज्यात शिरायला तिला राज्य सरकारची संमती लागते. आपल्याकडे ही सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली होती आणि दोन वर्षांनी पुन्हा दिली, ते तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. दिल्ली केंद्रशासित, तिथले पोलीस केंद्रीय गृहखात्याखाली. तिथे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला संमतीचा अडथळाच नाही. म्हणून ही कथा दिल्लीत घडते तेव्हा पटते. हीच पुण्यात घडवली असती तर एक भाग नुसत्या पत्रव्यवहारात गेला असता.

एका गोष्टीवर मात्र माझा राग कायम आहे. चार आरोपी, देशभर गाजलेलं प्रकरण, आणि कथेत त्यांच्या वकिलाला जागाच नाही! घटनेने दिलेला हक्क आहे तो. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळावा हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. कसाबच्या खटल्यातसुद्धा त्याला वकील दिला गेला, आणि त्याच प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावर त्याचा हा हक्क त्याला सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. आमची जमात पडद्यावर आली की एकतर काळा कोट फडफडवत भाषण ठोकते, नाहीतर गायबच असते. असो. हे माझं दुखणं, तुमचं नाही.

आता हातोड्याकडे येते, कारण तुम्ही तिथे अडकलात.

मालिकेची सगळी ताकद एका निर्णयात आहे. चारही आरोपींना तिने भूतकाळ दिलाय. हातोडा ज्याचा त्या त्यागीला, तोपेसिंगला, कबीरला, चीनीला. एरवी गुन्हेकथेत मेलेल्या माणसाला आयुष्य असतं, पोलिसाला असतं, आरोपीला फक्त चेहरा असतो. इथे उलटं केलंय. आणि हे बघताना मला जे झालं ते सांगितल्याशिवाय माझं मत तुम्हाला कळणार नाही.

वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे एक १९ वर्षांचा मुलगा आला होता, म्हणजे त्याची आई आली होती. भांडणात डोक्यात फावडं घातलेलं, माणूस मेला. आईने प्लास्टिकच्या पिशवीत पोराचा शाळा सोडल्याचा दाखला आणला होता. मला वाटलं वयासाठी. पण वय तर निर्विवाद १९ होतं. तिला मला त्यातली एक ओळ दाखवायची होती, ‘वर्तणूक: चांगली’. ती दर तारखेला तो दाखला घेऊन यायची आणि मी दर तारखेला म्हणायचे, ‘आत्ता नको मावशी, निकालाच्या वेळी बघू.’ निकाल लागला. खून नाही ठरला, ३०४ भाग दोन खाली, म्हणजे सदोष मनुष्यवधाला दोषी. तिथे शिक्षा किती द्यायची हे न्यायाधीशांच्या हातात असतं, म्हणजे बोलायला जागा होती. शिक्षेबाबत म्हणणं काय, असं साहेबांनी विचारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘आरोपी तरुण आहे, गरीब आहे, आई वृद्ध आहे, दया दाखवावी.’ सगळेच हे म्हणतात. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. सात वर्षं झाली. दाखला पिशवीतच राहिला. तो मुलगा कुठल्या घरात वाढला, शाळा का सुटली, त्या फावड्याआधी काय काय घडलं होतं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

शिक्षा देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही बघा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग प्रकरणात सांगून ठेवलंय. फाशीच्या खटल्यांत आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, मानसिक स्थिती यांची माहिती खालच्या कोर्टानेच रीतसर मागवावी, हे स्पष्टपणे यायला मे २०२२ उजाडला, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात. तोही फाशीपुरता. बाकीच्या खटल्यांत अजून तेच अर्धं मिनिट चालतं.

म्हणून त्या मालिकेत कबीरकडे एक कागद निघतो तेव्हा मी थांबले. त्याची झालेली सुंता वैद्यकीय कारणाने होती, असा डॉक्टरचा दाखला. आपण मुसलमान नाही हे वेळ पडल्यास दाखवता यावं म्हणून जवळ बाळगलेला. पोराला धर्मापासून लांब ठेवून वाढवणारा त्याचा बाप पोलिसांपुढे बसतो, आणि आपला मुलगा अतिरेकी ठरवला जाताना बघतो. तो प्रसंग शांत आहे. रक्ताचा थेंब नाही. माझ्या मते पहिल्या सीझनमधला सगळ्यात भयंकर प्रसंग तो आहे, आणि तुम्ही त्याआधीच रिमोट उचललात, ही खरी हळहळ.

पण इथेच माझी तक्रारही आहे, आणि ती लहान नाही. भूतकाळ दिला तो फार नेटका दिला. लहानपणी अमुक अत्याचार झाला, म्हणून मोठेपणी तमुक गुन्हेगार झाला. एक बटण दाबलं की एक दिवा लागतो तसं. माझ्या अशिलांची आयुष्यं अशी सरळ रेषेत जात नाहीत. तेच घर, तोच दारुडा बाप, एक भाऊ आत आणि दुसरा तालुक्याला पोस्टात. का, ते आईलाही सांगता येत नाही. शिवाय दोन आरोपींच्या कहाणीत पुरुषाचा सूड पेटावा म्हणून घरातल्या बाईवर बलात्कार होतो. बहिणींवर, आईवर. त्या बायकांचं पुढे काय झालं हे कथेला फारसं विचारावंसं वाटत नाही. त्या ठिणगीपुरत्या आल्या आणि विझल्या. तुम्ही टीव्ही बंद केलात ते निव्वळ रक्तामुळे नसेल, यामुळेही असेल, असा माझा कयास आहे. तसं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

आणखी दोन कच्चे दुवे. पत्रकार संजीव मेहरा आणि त्याच्या वृत्तवाहिनीचा धागा मधल्या भागांत रेंगाळतो. नीरज काबी उत्तम नट आहे, पण त्या गुळगुळीत न्यूजरूममध्ये आलं की मला चहा ठेवायला उठावंसं वाटायचं. त्याची बायको डॉली, म्हणजे स्वस्तिका मुखर्जी, त्याच्यापेक्षा जास्त लक्षात राहते. दुसरं म्हणजे, शेवटी सगळे धागे इतके वरपर्यंत आणि इतके बरोबर जुळतात की माझ्यातली वकील साशंक होते. कट करायलासुद्धा कार्यक्षमता लागते हो! मी बघितलेले बहुतेक अन्याय आळसाने, घाईने आणि ‘वरून फोन होता’ या तीन शब्दांनी झाले. वर बसलेल्याला सगळा पट आधीच दिसत असतो, हे कथेत ठीक.

अन्सारीबद्दल मात्र एक शब्द तक्रार नाही. हाथीरामच्या हाताखालचा हा तरुण उपनिरीक्षक नागरी सेवा परीक्षेची तयारी करतोय, आणि ठाण्यात त्याच्यादेखत त्याच्या समाजाबद्दल जे सहज बोललं जातं ते ऐकून घेतोय. इश्वाक सिंगने त्यात एकदाही आवाज चढवलेला मला आठवत नाही. हाथीराम चांगला माणूस आहे का, हे मला नऊ भागांनंतरही ठरवता आलं नाही. कोठडीत तो हात उगारतो, घरी पोरावरही उगारतो. पण या पोराशी सरळ वागतो. माणसं अशीच असतात.

दुसरा सीझन जानेवारी २०२५ मध्ये आला, ८ भागांचा, आणि कथा नागालँडला जाते. दिल्लीत नागालँडचा एक बडा नेता मारला जातो, तर हाथीराम एका हरवलेल्या मजुराचा शोध घेत असतो. अन्सारी आता आयपीएस होऊन आलाय. कालचा हाताखालचा पोरगा आज साहेब, आणि दोघांनाही त्या ‘सर’चं ओझं झालंय. हे फार छान लिहिलंय. तिथली माणसं नागामीज बोलतात, तिलोत्तमा शोम तिथली पोलीस अधीक्षक आहे, आणि आसामी चित्रपटांचे दिग्दर्शक जाह्नू बरुआ चक्क अभिनय करतात. दोन प्रकरणं एकमेकांत गुंततात त्यात योगायोग जास्त झालाय. मध्ये एक धक्का आहे, तो सांगत नाही. त्यानंतर मी एक दिवस पुढचा भाग लावला नव्हता. पण पहिल्या सीझनमधली ‘जखम, म्हणून गुन्हा’ ही सोपी बेरीज इथे बरीच कमी झालीय.

तर तुम्ही काय करावं? तिसरा भाग पुन्हा लावू नका. त्यागी कोण आणि कुठून आला हे नवऱ्याला दोन वाक्यांत सांगायला लावा आणि थेट चौथ्यापासून पुढे जा. पाच-सहा भागांनंतरही नको वाटली तर सोडा, मग पुढे जबरदस्तीने रस येत नाही. हरियाणवी आणि बुंदेली वळणाचे संवाद आहेत, सबटायटल्स लावून ठेवा. हिंदी येतं म्हणून मी आधी लावली नव्हती आणि अर्धी खोच हुकली. पोलीस तपास कसा चालतो हेच बघायचं असेल तर ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन जास्त उपयोगी, तिथे माणूस कसा शोधून काढतात ते टप्प्याटप्प्याने आहे.

मुलाला आत्ता नको. ती १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि मला काळजी रक्ताची नाही, त्या वयाची पोरं मोबाइलवर रक्त रोज बघतात. त्या बलात्कारांचा सूडासाठी वापर केलाय हे त्याला कुणी शेजारी बसून सांगितलं नाही तर तो ते तसंच गिळेल. दोन-तीन वर्षांनी तुम्ही दोघं मिळून बघा. तोवर तुमची बघून झालेली असेल.

आणि हो, पुढे बघणार असाल तर कुत्र्यांकडे लक्ष ठेवा. डॉली रस्त्यावरची कुत्री घरी आणते, ते केवळ तिचं एकटेपण दाखवायला आहे असं मला सात भाग वाटत होतं.